शकुनाचा ड्रायर

आमच्या आत्तींनी उभ्या जन्मात फुटबॉलची एकही मॅच बघितली नाही. पण मॅचच्या दुसऱ्या दिवशी मळक्या जर्स्या समोर पसरून, कोण कसा खेळला हे त्या डागांवरून सांगायच्या, आणि ते चुकायचं नाही. "तीन नंबर दोनदा आडवा पडलाय. सात नंबर काल पळालाच न्हाई, नुसता हुबा हुता. आनि ह्यो गोलकीपर बघ, कोपरं फाडून आलाय. गुनाचं लेकरू गं!" मग संध्याकाळी सात नंबर दारावरून जाताना दिसला की आतूनच हाक. "काय पावणं, काल मॅचला गेलतासा का लग्नाला?" सात नंबर मान खाली घालून सटकायचा.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्ती आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. पेठेला मात्र त्या काकू होत्या. मामंजी तरुणपणी पेठेच्या मंडळाकडून खेळलेले. पुढे बिद्रीला साखर कारखान्यात लागले, गुडघा कामातून गेला, तरी मंडळ काही सुटलं नाही. एकदा लाँड्रीवाल्याने जांभळ्या जर्स्या आणि पांढऱ्या चड्ड्या एकातच भिजवल्या, आणि आमची आख्खी टीम फिकट जांभळ्या चड्ड्या घालून मैदानात उतरली. समोरच्या पेठेने त्या दिवशी ज्या शिट्ट्या मारल्या त्या म्हणे रंकाळ्यापर्यंत ऐकू गेल्या. मामंजी रागाने सगळे कपडे घरी घेऊन आले आणि आत्तींच्या पुढ्यात टाकले. तेव्हापासून टीमचं धुणं आमच्या घरात आलं.

मामंजी गेले तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं पिशवी घेऊन दारात उभी. पिशवी द्यायलाही लाजत होती आणि परत न्यायलाही. आत्तींनी ती ओढूनच घेतली. म्हणाल्या, "मानूस गेला. जर्स्या मळायच्या थांबल्यात व्हय?" मग मागच्या दारी बसून त्या जर्स्या झाडत राहिल्या आणि मी आत चहा टाकला. त्या दिवशी त्या पहिल्यांदा पोटभर रडल्या असाव्यात, कारण चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "माती लई हाय गं औंदा, डोळ्यात जाती."

धुण्याच्या त्यांच्या रीती ठरलेल्या. चिखल ओला असताना हात लावायचा नाही. "वल्या चिखलाच्या आनि तापल्या मानसाच्या नादाला लागू नगं. दोघांस्नी वाळू द्यावं, मग झाडावं," असं त्या मला लग्नानंतर आठवड्याभरातच सांगून बसल्या. रोख माझ्या नवऱ्यावर होता आणि सल्ला अगदी कामाचा निघाला. बाकावर बसून राहिलेल्या पोरांच्या जर्स्या स्वच्छच यायच्या, त्याही त्या तितक्याच निगुतीने धुवायच्या. मी म्हटलं, "आत्ती, ही तर घडीसुद्धा मोडलेली नाही." तर म्हणाल्या, "खेळला न्हाई म्हनून काय झालं? बसून बसून घाम फुटला आसंल की लेकराला."

आमचं मशीन साधं, दोन टबांचं. एका बाजूला कपडे धुवायचे, मग ओले पिळे उचलून दुसऱ्या बाजूच्या ड्रायरमध्ये टाकायचे. तो ड्रायर म्हणजे आत्तींचा खरा सोबती. मागच्या दारी, मोरीला लागून ते मशीन, आणि शेजारी आत्तींचा पाट. ड्रायरने वेगळा आवाज काढला की त्या हातातलं काम टाकून उठायच्या. धडधड करत मशीन पुढे सरकायला लागलं, तर "एका अंगाला गर्दी झाली बघ" म्हणून बटण बंद करून आतले कपडे सारखे पसरायच्या. खडखड वाजलं तर हमखास आत काहीतरी अडकलेलं असायचं. कधी मोज्यातला खडा, कधी सेफ्टी पिन, एकदा तर गोलकीपर सम्याच्या गळ्यातला ताईत निघाला. तो ताईत हरवला म्हणून सम्याची आई जेवली नव्हती. आत्तींनी तो पुसून, रुमालात बांधून स्वतः नेऊन दिला, आणि तेव्हापासून दर ईदेला शिरखुर्म्याचा डबा पहिला आमच्या घरी यायला लागला. आणि नुसती घरघर वाढली की एका पायाखालचा पुठ्ठा सरकलाय हे ठरलेलं. नवा पुठ्ठा घडी घालून सारला की ड्रायर गप्प.

मी इचलकरंजीची. आमचं घर यंत्रमागाच्या शेडला चिकटून, त्यामुळे खडखडाट हा माझा जन्मापासूनचा शेजारी. पण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, एक गोष्ट फार पाळायचे. माग नेहमीपेक्षा वेगळा बोलला की आधी तो बंद करायचा, मग बाकीचं. कुणाची ऑर्डर अडली तरी अडू दे. त्यामुळे एका सीझनला ड्रायर जेव्हा एक नवीनच आवाज काढायला लागला, तेव्हा मी धावत जाऊन आधी बटण बंद केलं. सुरू होताना "टक्", मग लांबलचक "घर्रर्र", आणि झाकण उघडल्यावर पुन्हा तेच. आत्तींनी कपडे सारखे केले, पुठ्ठा बदलला, टब हाताने फिरवून आत बघितलं. काही नाही. वर झाकण उघडलं की जो टब एका झटक्यात थांबायचा, तो आता आपला फिरतोय फिरतोय.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या मंडळाने समोरच्या पेठेला हरवलं. किती वर्षांनी हरवलं ते विचारू नका, पेठेत म्हाताऱ्या माणसांनी गुलालात लोळून घेतलं. पोरं नाचत आमच्या दारात आली तेव्हा मागे ड्रायर चालू होता. टक्, घर्रर्र. कॅप्टन विन्या थबकला. "काकू, ह्यो आवाज कवापास्नं?" आत्ती म्हणाल्या, "झालं की चार दिस. मॅचच्या आधीपास्नं." झालं! विन्याने सगळ्यांकडे बघितलं, सगळ्यांनी ड्रायरकडे बघितलं, आणि त्या मशीनवर तिथल्या तिथे गुलाल पडला.

आता आमच्या पेठेचं काय सांगायचं? एकाने मॅच जिंकताना जो शर्ट घातला होता तो सीझन संपेपर्यंत अंगातून काढायचा नाही. दुसरा घरातून निघताना मांजर आडवं जाऊ नये म्हणून गल्लीतल्या मांजराला दूध घालून बसवून यायचा. त्यात ही भर. पुढची मॅचही जिंकली, त्याच्या पुढचीही, आणि ड्रायरचा आवाज म्हणजे शकुन हे पक्कं ठरलं. पोरांनी तो मोबाईलवर रेकॉर्ड केला, स्टेटसला टाकला, विन्याने तर त्याची रिंगटोन केली. चौकात कुणाचा तरी फोन टक्-घर्रर्र वाजायचा आणि पाच-सात जण खिसे चाचपायचे. आत्तींना हसू आवरायचं नाही. "माझं मिशन फोनवर बोलाय लागलं की गं वैशे!"

मी काय हसले नाही. मी दिलीपला बोलावलं. मशीन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात विरळा, पण त्याचा एकच दोष. तो समोरच्या पेठेतला. तो पिशवी घेऊन आमच्या दारात पोचतो न पोचतो तोच कट्ट्यावरची पोरं उठून आली. "ह्येला कशाला आत घेतलासा वहिनी? ह्यो आवाज बंद करायलाच आलाय!" दिलीपने हसत हात वर केले, तिथूनच ड्रायर एकदा चालू करायला सांगितला, झाकण उघडायला सांगितलं, आणि त्याचं हसू गेलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, ब्रेक गेलाय. तासाभराचं काम हाय. तोवर टब थांबल्याबिगर काकूंस्नी हात घालू देऊ नगासा." मी तिथेच आत्तींना म्हटलं, आत्ताच्या आत्ता करून टाकू या. पोरं आत्तींच्या तोंडाकडे बघत राहिली. आत्तींनी त्या तोंडांकडे बघितलं आणि मला वाटतं तिथेच सगळं बिघडलं. "फायनल हू दे," त्या दिलीपला म्हणाल्या. "मग काय करायचं त्ये कर बाबा. लेकरांच्या मनाला लागतंय." खरं म्हणजे तो आवाज त्यांनाही नकोसा होता. त्यांचं डोकं उठायचं त्याने, कपाळाला बाम लावून धुणं करायच्या.

मग मी एक युक्ती केली. ड्रायरच्या झाकणावर लाटणं ठेवलं आणि बजावलं, की आतला आवाज पूर्ण थांबल्याशिवाय लाटण्याला हात लावायचा नाही. आत्तींनी ते इमानाने पाळलं. चपात्यांना लाटणं सापडेना झालं तरी त्या ते तिथून हलू द्यायच्या नाहीत.

फायनल पुन्हा समोरच्याच पेठेशी होती, आणि त्या दिवशी सकाळीच पोरं आली. कपडे धुऊन, वाळून, घड्या घालून तयार होते, तरी त्यांना तो आवाज ऐकायचा होता. विन्याची जर्सी पाण्यात बुचकळली, एकट्या त्या जर्सीसाठी ड्रायर लावला. टक्, घर्रर्र. पोरांनी अशी काही आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. मी शाळेत निघाले होते. मी शिकवते, आणि शनिवार म्हणून शाळा अर्धीच होती. निघताना बघितलं तर आत्ती दह्याची वाटी काढत होत्या. हीही त्यांची रीत. मॅचला जाण्याआधी कॅप्टनने यायचं, काकूंनी त्याच्या हातावर दही-साखर घालायची, मगच पिशवी न्यायची.

पुढचं मी बघितलेलं नाही, नंतर समजलेलं सांगते. घाई झाली होती, विन्या जर्सीसाठी ओट्यापाशी उभा होता, आणि आत्तींनी लाटणं बाजूला करून फिरत्या टबात हात घातला. ओली बाही मनगटाला गुंडाळली आणि हात पिळवटला. तोंडातून आवाज काढला नाही त्यांनी. पाठ पोरांकडे होती. डाव्या हाताने जर्सी काढली, उजवा हात पदराखाली घेतला, आणि वळून विन्याच्या हातावर दही-साखर घातली. डाव्या हाताने. विन्या बावचळला. "काकू, डाव्या हातानं?" आत्ती म्हणाल्या, "उजव्याला साबन लागलाय. खा मुकाट्यानं, वेळ हुतोय."

मी आले तेव्हा त्या मागच्या दारी पाटावर बसल्या होत्या. मॅचच्या वेळी त्या तिथेच बसायच्या, स्टेडियमच्या बाजूला कान लावून. पेठेत फटाके वाजले की आपण जिंकलो, पलीकडे वाजले की हरलो, एवढंच त्यांचं फुटबॉल. मी चहा दिला तर म्हणाल्या, "ठेव खाली." घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते, मला वाटलं मॅचची काळजी. बराच वेळ कसलाच आवाज नाही. मग फटाके वाजले, पलीकडच्या पेठेत. आत्तींनी डोळे मिटले. "गेली," म्हणाल्या. आणि मग पदराखालून तो हात बाहेर काढला. मनगट सुजून हाताचा आकार राहिला नव्हता.

"अहो आत्ती! हे काय? कधी झालं हे?"

"सकाळी. मॅच सपू दे म्हटलं. पोरांस्नी कळलं आसतं तर खेळली नसती की."

मी त्यांना किती बोलले, काय काय बोलले, सांगण्यात अर्थ नाही. रिक्षात बसेपर्यंत बोलतच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर मला विचारलं, "डाव्या हातानं दिलं म्हनून झालं आसंल का गं?" दुखण्याचं नाव नाही तोंडात! दिवसभर त्या मोडक्या हातापेक्षा चांगल्या हाताचीच त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी पोरं दवाखान्यात आली. पाय ओढत, केळी-सफरचंदं घेऊन. प्लॅस्टर बघून ती कॉटच्या पायथ्याशीच थांबली. विन्याची पेनल्टी हुकून मॅच गेली होती, तो तर भिंतीला टेकून मोजे बघत उभा. आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. टक्, घर्रर्र. आख्ख्या वॉर्डात. त्याला तो खिशातून निघेना, निघाला तर बंद होईना, आणि शेवटी तो फोन तसाच वाजवत बाहेर पळाला. आत्ती म्हणाल्या, "आरं, जेवलास का त्ये तरी सांग!" पण तो लांब गेला होता.

दिलीप न बोलावता आला. पेठेतल्या एकानेही त्याला अडवलं नाही, उलट मशीन ओढायला हात लावला. त्याने ब्रेक बदलला, झाकण चारदा उघडून दाखवलं, टब जागच्या जागी थांबत होता. आत्ती प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बघत होत्या. दिलीप पिशवी भरता भरता म्हणाला, "काकू, आमची पेठ जिंकली त्येचं मला काय बी वाटलं न्हाई बघा ह्या टायमाला." आत्तींनी ड्रायर पुन्हा एकदा लावायला सांगितला. मान कलती करून ऐकलं. "मुकं झालं की गं," एवढंच म्हणाल्या.

हात काही नीट झाला नाही. प्लॅस्टर निघालं तरी मूठ वळेना. पण मला त्या हाताचं तितकं दुःख नाही, जितकं पुढच्या गोष्टीचं आहे. आमची खिडकी कट्ट्यावर उघडते. महिन्याभराने एका संध्याकाळी पोरं तिथे बसून गेल्या सीझनच्या गप्पा मारत होती, आणि विन्याचा आवाज स्पष्ट आत आला. "काकूंनी डाव्या हातानं दही दिलं तवाच मी वळखलं. म्हटलं, आज काय खरं न्हाई." कुणी त्याला गप्प केलं नाही. दोघा-तिघांनी तर हुंकार भरला. मी ताडकन उठले, त्याची चांगली हजामतच करणार होते. आत्तींनी डाव्या हाताने माझा पदर धरला. "बस खाली. खरं त्येच बोलतंय त्ये."

तो वाईट मनाने बोलला नव्हता, हे मला आता कळतं. पेनल्टी त्याच्याच पायाने हुकली होती, माणूस कुठेतरी ओझं टाकतो. पण ते टाकलं त्याने नेमकं आत्तींच्या अंगावर, आणि त्यांनी ते उचलून घेतलं ते कायमचं. पुढच्या सीझनला पिशवी पुन्हा आली. धुणं मी करायची, आत्ती पाटावर बसून डाग सांगायच्या. पण दही-साखरेची वेळ आली की उठून आतल्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. "तू दे वैशे. माझी नजर बी नगं." मी देत राहिले, उजव्या हाताने. मला वाटायचं, आज तरी एखादा म्हणेल, की काकूंनाच बाहेर बोलवा, आम्हाला त्यांच्याच हातचं पाहिजे. कुणी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर अर्ध्यांना मनातून बरंच वाटत होतं. आणि मी आत्तींना हजारदा सांगितलं की तुमच्या हाताने काही झालेलं नाही, पण सुनेचं सांगणं आणि कॅप्टनचं सांगणं यात फरक असतो. मी कुठे खेळत होते!

गेल्या पावसाळ्यात आत्ती गेल्या. साधा ताप आला आणि छातीत उतरला. खांदा द्यायला टीमच होती. शेवटच्या दिवसांतही त्यांनी एकदा मला विचारलं होतं, औंदा टीम कशी हाय. मी म्हटलं, चांगली आहे. "मग माझी सावली नगं पडाय," म्हणाल्या.

यंदा पहिल्या मॅचच्या सकाळी विन्या पिशवी न्यायला आला. मी वाटी घेऊन बाहेर आले, चमचा भरला, त्याने हात पुढे केला नाही.

"डाव्या हातानं द्या, वहिनी."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि डोक्यात अशी तिडीक गेली की वाटी त्याच्या अंगावर फेकावी. "आता? आता सुचलं तुला हे? ती बाई दार लावून आत बसायची, विन्या. तुझ्या एका शब्दासाठी बसायची. पेनल्टी माझ्या पायाने चुकली, काकू, तुमच्या हाताने नाही, एवढं म्हणायला तुझी जीभ झडत होती का?"

चांगला उंचापुरा गडी, दाराची चौकट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "रोज ठरवून यीत हुतो. दारापतुर यीत हुतो."

मी चमचा डाव्या हातात घेतला. सवय नसल्यामुळे चमचा कलला आणि दही त्याच्या तळव्यावरून ओघळून पायाशी ठेवलेल्या पिशवीतल्या वरच्या जर्सीवर सांडलं. नवीकोरी, मी आदल्या दिवशी धुतलेली जर्सी. मी फडकं आणायला वळले, तर त्याने थांबवलं.

"ऱ्हाऊ दे, वहिनी," तो म्हणाला. "डाग बघून बोलनारं कोन ऱ्हायलंय आता?"